किंजळीच्या मालकाला काय मिळणार, ते आधी ठरवा

प्रश्न संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतून आला आहे. थोडक्यात असा: वाडीत पस्तीसेक घरं, निम्म्यांना कुलूप. गावाची देवरहाटी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान आहे, तिला लागून भाऊबंदांचं सामायिक चाळीस एकर रान आहे, वर सडा म्हणजे कातळाचं उघडं पठार, खाली खाडीचा फाटा. लाकडाचा ठेकेदार रान मागतो आहे. मुंबईहून परतलेली चार-पाच मुलं म्हणतात, तोडू नका, आपण इको-टुरिझम करू. कासव महोत्सववाल्या वेळासला जमतं तर आपल्याकडे का नाही? सुरुवात कुठून करायची, परवानग्या कोणत्या लागतात, आणि यातून खरंच जंगल वाचतं का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो. वाचतं, पण नुसते पर्यटक आले म्हणून वाचत नाही. रान तोडायचं की ठेवायचं हे ज्याच्या सहीवर ठरतं, त्याच्या हातात पर्यटकाचा पैसा पडला तर वाचतं. कोकणात ही दोन माणसं बहुतेक वेळा वेगळी असतात. खोल्या काढतो रस्त्याकडेचा घरवाला. रान असतं वरच्या वाडीतल्या तीन भावांचं, त्यातले दोघे नालासोपाऱ्याला. पाहुणे येतात रान बघायला, पैसे देतात घरवाल्याला. दोन-तीन वर्षांनी रानवाल्याच्या मुलीचं लग्न निघतं, ठेकेदार रोख घेऊन दारात उभा राहतो आणि रान जातं. मग घरवाला म्हणतो, लोकांना निसर्गाची किंमत नाही. किंमत त्याने तरी कुठे दिली होती?

ताडोब्याला गेट असतं, तिकीट असतं, रान सरकारचं असतं. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन नावापुरतं आहे. डोंगरउतारावर जे हिरवं दिसतं ते बहुतेक लोकांच्या सातबाऱ्यावर आहे. झाड तोडायला १९६४ च्या कायद्याखाली परवानगी लागते हे खरं, पण मालकानेच तोडायचं मनावर घेतलं तर परवानगीचा कागद फार काळ अडत नाही. किंजळ, ऐन तोडले की बुंध्याला धुमारे फुटतात, रान पुन्हा उभं राहतं, आणि या भरवशावर पिढ्यान्‌पिढ्या तोड होत आली. पूर्वी दोन तोडींमध्ये पंधरा-वीस वर्षं जायची. आता अंतर कमी झालं आहे, आणि खोडात ढोली, म्हणजे पोकळी असलेली जुनी झाडं धुमाऱ्यांतून परत येत नाहीत. धनेश पक्ष्याला घरट्यासाठी लागते ती नेमकी ढोली. म्हणून तुमच्या चाळीस एकरांत पहिलं काम खोल्यांना रंग काढायचं नाही, सातबारा काढायचं आहे.

सातबाऱ्यावर दोन गोष्टी बघा. एक, सहहिस्सेदार किती आणि कोण. सामायिक रानाची तोड एकाच्या सहीने व्हायला नको, पण मुंबईतल्या भावाकडून कुलमुखत्यार आणून ती होते. दोन, 'इतर हक्क' रकान्यात 'खाजगी वने' असा शेरा आहे का. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याखाली कोकणातल्या पुष्कळ जमिनींवर हा शेरा पडला आहे आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. शेरा असेल तर तिथे तंबू, कॉटेज, झाडावरचं घर यातलं काहीही बांधायच्या भानगडीत पडू नका. १९८० चा वन कायदा आड येतो. तसंही माझं मत असं की रानात काही बांधूच नये. घरं वाडीत आहेत, निम्मी बंद आहेत, ती वापरा.

आता हिशेब. खालचे आकडे समजुतीसाठी धरले आहेत, त्या जागी तुमचे घाला.

समजा चार घरं तयार झाली, घरटी दोन खोल्या, खोलीत दोघे. म्हणजे एका वेळी सोळा पाहुणे. नोव्हेंबर ते मे धरले तर तीस शनिवार-रविवार मिळतात, शुक्रवारची आणि शनिवारची रात्र. निम्म्या खोल्या भरल्या असं धरा. दर खेपेला आठ पाहुणे, वर्षाला दोनशे चाळीस. माणशी रात्रीला जेवणासकट पंधराशे रुपये, दोन रात्रींचे तीन हजार. उलाढाल ७ लाख २० हजार. धान्य, मासळी, गॅस, मदतनीस बाई, चादरी, वीज यांत निम्मे जातात. उरले ३ लाख ६० हजार, घरटी नव्वद हजार. काजू आणि भातशेतीच्या जोडीला वर्षाला नव्वद हजार ही वाईट रक्कम नाही, पण यावर मुंबईची नोकरी सोडून कोणी येऊ नये. हे मी दर बैठकीत सांगतो आणि दर बैठकीत एक तरुण नाराज होतो.

रानाला काय? माणशी दोनशे रुपये 'रान निधी' घ्या, जेवण-राहण्याच्या बिलात दडवू नका, वेगळा दाखवा. दोनशे चाळीस गुणिले दोनशे, म्हणजे ४८ हजार. चाळीस एकरांवर वाटले तर एकरी बाराशे रुपये वर्षाला. दोन तोडींमध्ये बारा वर्षं धरली तर तेवढ्या काळात १४ हजार ४००. आता ठेकेदार एकरी काय देतो आहे ते शेजारी लिहा. त्याचा आकडा याच्या आसपास किंवा खाली असेल, तर रान पर्यटनावर राखता येईल. दुप्पट-तिप्पट असेल, तर नुसत्या पर्यटनावर राखता येणार नाही हे आजच कळलेलं बरं.

अशा वेळी रानातून न तोडता काय निघतं ते बघावं लागतं. बेहड्याची फळं, रानातला कोकम, शिकेकाई, थोडा मध. अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने संगमेश्वर भागात रानमालकांशी ठरावीक वर्षं जंगल न तोडण्याचे करार केले आहेत. तुमच्याच तालुक्यातलं उदाहरण आहे. करार म्हणजे नेमकं काय लिहितात, मोबदला कसा ठरतो, ते ज्यांनी केलं त्यांच्याकडे जाऊन बसून विचारा. पर्यटनाचा रान निधी हा अशा कराराला जोड म्हणून छान चालतो. एकट्याने तो ओढत नाही.

रान निधीचं खातं वेगळं ठेवा. बचत गटाच्या खात्यात नको, देवस्थानच्या खात्यात तर नकोच. वाटप वर्षातून एकदा, शिमग्याला, चाकरमानी गावात असताना, सगळ्यांच्या समोर. मुंबईतल्या भावाला त्याच्या हिश्शाचे अडीच हजार का होईना हातात पडले की पुढच्या वेळी ठेकेदाराने फोन केला तर तो आधी गावात फोन करतो. पैशाइतकाच हा फोन महत्त्वाचा आहे.

घरांमध्ये पाहुणे कसे वाटायचे यावरून जेवढ्या वाड्या फुटल्या, तेवढ्या दुसऱ्या कशावरून फुटल्या नसतील. पाळी लावा. कोकणात पालखी घरोघर पाळीने फिरते, पाटाचं पाणी पाळीने मिळतं, त्यामुळे पाळी कोणाला समजावून सांगावी लागत नाही. बुकिंगचा फोन एकच, तो एका माणसाकडे, दर वर्षी माणूस बदलायचा. पाहुणा एखाद्या घराचं नाव घेऊन आला, 'मागच्या वेळी काकूंकडे जेवलो होतो' म्हणाला, तर त्याला तिथेच जाऊ द्या; मात्र त्या घराची पुढची पाळी मोजली जाईल. ज्यांच्याकडे खोली नाही त्यांना वाटाड्या, होडी, कोकम सरबत, घावण्यांचं पीठ, गाड्यांची राखण यातलं काही मिळायला हवं. एका घराला काहीच मिळालं नाही तर ते घर तक्रार करत नाही, वणवा लागला की विझवायला येत नाही.

वेळासबद्दल. लोक वेळासला जातात, कासवाचं पिल्लू समुद्राकडे जाताना बघतात आणि परत येऊन म्हणतात, आपणही महोत्सव भरवू. त्यांना दिसत नाही ती गोष्ट अशी की चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे अंडी राखायला सुरुवात केली २००२ साली आणि कासव महोत्सव सुरू झाला २००६ साली. आधी चार हंगाम नुसती राखण. त्याआधी किनाऱ्यावर मादी चढली की तिचा माग काढून अंडी उकरून नेली जात. राहिलेली कोल्ही-कुत्री खात. ज्या पोरांना माग काढता येत होता तीच पुढे पहाटे किनारा चालून घरटी शोधू लागली. पर्यटनाने कासव वाचवलं असं म्हणण्यापेक्षा, वाचवलेल्या कासवाने गावाला पर्यटन दिलं असं म्हणणं जास्त खरं आहे.

तिथली एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. ऑलिव्ह रिडलेची मादी एका घरट्यात शंभराच्या आगेमागे अंडी घालते. ती हॅचरीत, म्हणजे राखणीच्या जागेत हलवून तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात पुरतात, पाटी लावून तारीख लिहितात. साधारण पन्नास-पंचावन्न दिवस झाले की खड्ड्यावर टोपली पालथी घालतात. सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास टोपली उचलायची. खाली कधी पंचवीस पिल्लं, कधी एक, कधी नुसती वाळू. पाहुणे पुण्याहून रात्रभर गाडी चालवून आलेले असतात. मुलं टाचा उंचावून बघत असतात. टोपली उचलली आणि वाळू निघाली, की त्या क्षणी गावाने पाहुण्यांना आधी काय सांगितलं होतं ते उघडं पडतं. 'पिल्लं दिसतील' असं सांगितलं असेल तर भांडण. 'दिसतील अशी हमी नाही, राखण कशी चालते ते बघायला या' असं सांगितलं असेल तर लोक वाळूत बसून प्रश्न विचारतात. तुमच्याकडे कासव नाही, धनेश आहे, बिबट्याचा माग आहे, पण नियम तोच. बुकिंगच्या पहिल्या व्हॉट्सअॅप मेसेजमध्ये हमी नाही हे लिहा. जे त्यावरून येणार नाहीत ते न आलेलेच बरे.

धनेशाचं सांगतो, कारण चाळीस एकरांत जुने बेहडे असतील तर फोटोग्राफर पहिल्यांदा त्यासाठीच येतील आणि पैसेही तेच जास्त देतील. मादी ढोलीत शिरते, तोंड लिंपून घेते, चोच जाईल एवढी फट ठेवते आणि पिल्लं मोठी होईपर्यंत सगळी मदार नराच्या चाऱ्यावर. नर फळं गळ्यात साठवून आणतो. तो थेट ढोलीवर येत नाही. आधी जरा लांबच्या झाडावर बसतो, मान वाकडी करून खालचा अंदाज घेतो. खाली माणसं हललेली दिसली तर तसाच बसून राहतो, आणि बराच वेळ गेला की निघून जातो. फोटोग्राफरला वाटतं, आज पक्षी आला नाही. पक्षी आला होता, जेवण न देता गेला. म्हणून घरट्याच्या झाडापर्यंत वाट काढायचीच नाही. फळधारी उंबर, वड दाखवा. तिथे धनेश सुट्टा असतो, खात असतो, फोटोही चांगले येतात. घरट्याची जागा माहीत असलेली माणसं वाडीत दोन-तीनच असू द्यात.

देवरहाटीकडे या. तिथे पर्यटक न्यायचे की नाही हा निर्णय पर्यटन चालवणाऱ्या तुमच्या गटाचा नाही, गावकर-मानकऱ्यांचा आणि गुरवाचा आहे. कौल लावायची पद्धत असेल तर लावा, उत्तर नाही आलं तर नाही. हो आलं तर नियम तुमचे आहेतच, ते पाहुण्यांनाही लावा: चपला बाहेर, पान तोडायचं नाही, काडीही उचलायची नाही, सूर्य मावळला की आत जायचं नाही. शहरातल्या माणसाला हे नियम आवडतात, हा माझा अनुभव आहे. त्याला कोणीतरी काहीतरी करू नको असं ठामपणे सांगितलेलं बरेच दिवसांत ऐकायला मिळालेलं नसतं.

देवरहाटीला खरा धोका मात्र पर्यटकाचा कमी आणि पर्यटनातून आलेल्या पैशाचा जास्त. पैसा जमला की पहिला ठराव येतो जीर्णोद्धाराचा. कौलारू देऊळ पाडून स्लॅबचा सभामंडप, पुढे पेव्हर ब्लॉक, गाड्या वळायला जागा. सभामंडपाच्या पायासाठी सातवीण जाते, नागकेशर जातो, गाडीच्या वळणासाठी दोन ऐन जातात, आणि हे सगळं भक्तिभावाने होतं, म्हणून कोणी बोलत नाही. रान निधी देवस्थानच्या खात्यात नको म्हटलं ते यासाठी. ज्यांना देवरहाटीचं मोल पाहुण्यांना सांगायचं आहे त्यांनी दोडामार्गातल्या बांबर्ड्याची राई एकदा बघून यावी. गावाने देवाच्या भीतीने राखलेल्या त्या दलदलीत जंगली जायफळाच्या कुळातली, चिखलातून गुडघ्यासारखी मुळं वर काढणारी झाडं टिकली आणि राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. आंबोलीच्या हिरण्यकेशीचंही तसंच: देवळाच्या कुंडात लोकांनी मासे धरले नाहीत, म्हणून तिथे शास्त्राला नवा असा मासा सापडला. हे दोन्ही वारसे जेमतेम दोन-अडीच हेक्टरांचे आहेत. तुमची रहाटी लहान आहे म्हणून बिचकू नका.

सडा हा तुमचा सगळ्यात दुर्लक्षित ठेवा असणार, कारण कागदावर तो पड किंवा पोटखराब लिहिलेला असतो. रत्नागिरी-राजापूरकडे सड्यांवर कातळशिल्पं सापडली. बारसू, उक्षी, देवाचे गोठणे, कशेळीचा अवाढव्य हत्ती. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. तुमच्या सड्यावर शिल्प असेलच असं नाही, पण गुराख्यांना विचारा, 'पांडवांनी काढलेली चित्रं' म्हणून त्यांना माहीत असतात. सापडलं तर चारी बाजूंनी दगड रचून हद्द करा, पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा आणि तिथवर गाडी जाणार नाही एवढं बघा. फोटोत रेषा उठून दिसाव्यात म्हणून लोक त्यात खडूची पूड, रांगोळी भरतात, बुटांनी घासतात. पहाटे किंवा मावळतीला तिरप्या उन्हात रेषा आपसूक उठतात. वाटाड्याने तीच वेळ धरावी.

शिल्प नसलं तरी सडा आहेच. जूनच्या पहिल्या सरींनंतर दीपकाडी फुलते, ऑगस्ट-सप्टेंबरात सीतेची आसवं आणि गेंदांचे गालिचे, डबक्यांत बेडकांची अंडी. खाडीची होडी बंद, आंबा संपलेला, अशा दिवसांत सड्यावरची फेरी घराला चार पैसे देते. सुरुंग लावून, भराव घालून कलमं लावायला तोच सडा विकला जातो आहे, तेव्हा तो कोणाच्या नावावर आहे हे सातबारा काढाल त्याच दिवशी बघून ठेवा.

खाडीबद्दल थोडक्यात, कारण तिथे उत्तम धडा आधीच गिरवलेला आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या मच्छीमार बायका स्वतः वल्ही मारून पाहुण्यांना कांदळवनाची सफर घडवतात. इंजिन नाही, त्यामुळे खंड्या, बगळे उडून जात नाहीत आणि डिझेलचा खर्चही नाही. तुमच्या मुलांना तिथे दोन दिवस पाठवा. मुलींना पाठवा, हे जास्त बरं. वन विभागाच्या कांदळवन कक्षाची उपजीविका योजना आहे, गटाला मोठं अनुदान मिळतं, रत्नागिरीच्या कार्यालयात चौकशी करा. होडीची नोंद मेरीटाईम बोर्डाकडे, आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय पाय ठेवू द्यायचा नाही, मग पाहुणा पोलीस अधिकारी का असेना. बुकिंग घेताना भरतीची वेळ बघा. तिथीची पाऊणपट हा आपला जुना हिशेब शहरातल्या बुकिंगवाल्यालाही शिकवा: अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे त्या शनिवारी दुपारची होडी चिखलात रुतणार. खाडीत आत जाल तसा आणखी उशीर धरायचा.

घर तयार करताना पाहुण्याला एसी लागत नाही. संडास लागतो. स्वच्छ, दाराला आतून कडी असलेला, बादलीत पाणी असलेला. आणि इथेच जांभा दगड घात करतो. जांभ्याला भेगा आणि पोकळ्या असतात. शोषखड्ड्यात गेलेलं पाणी माती गाळून घेईल म्हणून स्वस्थ बसता येत नाही, ते भेगेतून थेट विहिरीकडे निघतं. खड्डा विहिरीच्या उताराच्या बाजूला, जमेल तितका लांब, आणि हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी विहिरीचं पाणी तपासून घ्या. दुसरी गोष्ट पाण्याचीच. आपल्याकडे पाऊस धो धो आणि एप्रिलच्या शेवटी हंडे रांगेत. सोळा पाहुणे दिवसातून दोनदा आंघोळ करणार आणि शेजारीण डोक्यावर हंडा आणणार, हे चित्र एका मे महिन्यात सगळं गोडधोड संपवतं. मे महिन्यात तसेही चाकरमानी येतात, घरं भरलेली असतात, आंबा उतरवायचा असतो. माझा सरळ सल्ला असा की पंधरा एप्रिल ते पावसापर्यंत पाहुणे बंद. वरच्या हिशेबातून तेवढे आठवडे वजा करून बघा, तरी परवडतं का ते कळेल.

जेवणात पनीर नको. घावणे, कुळथाची पिठी, फणसाची भाजी, खाडीतल्या तिसऱ्या, सोलकढी. हे सांगायला लागू नये, पण लागतं. पाहुणा शहरातला म्हणून घरवाली तालुक्याहून फ्रोझन मटार आणते.

परवानग्यांची भीती बाळगू नका, पण एक फाइल करा. पर्यटन संचालनालयाकडे होमस्टेची नोंदणी, खाद्यपदार्थांसाठी एफएसएसएआयची नोंदणी, ग्रामपंचायतीचा ठराव, पाहुण्यांची नोंदवही आणि ओळखपत्राची प्रत. परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांत त्याच्या माहितीचा सरकारी फॉर्म (याला 'सी फॉर्म' म्हणत आले) भरायचा असतो, हे बहुतेकांना पहिल्यांदा पोलीस आल्यावर कळतं. घर खाडीकाठी किंवा समुद्रकाठी सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारी नियमन क्षेत्रात असेल तर घाबरून बंद करू नका: २०१९ च्या अधिसूचनेत स्थानिकांच्या आहे त्या घरात होमस्टेला वाव आहे, जोतं, रचना आणि दर्शनी भाग बदलला नाही तर. म्हणजे जुन्या पडवीत पाहुणे ठेवा, पडवी पाडून वर मजला चढवू नका. गटातल्या बायकांना कर्ज काढायचं असेल तर राज्याच्या २०२३ च्या 'आई' धोरणात पर्यटन व्यवसायासाठी पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजाचा परतावा आहे. पहिल्याच वर्षी कर्ज मात्र काढू नये. चार घरं आहे त्या स्थितीत, नवीन चादरी आणि दुरुस्त संडास एवढ्यावर एक हंगाम चालवून बघा.

ग्रामपंचायतीत २००२ च्या कायद्याखालची जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर असणारच. तिची लोकजैवविविधता नोंदवही मागून घ्या. बऱ्याचदा ती कोणीतरी घाईत भरलेली असते, तीच वाटाड्यांनी दुरुस्त करायला घ्या. कोणतं झाड कुठे, कधी फळतं, कोणता पक्षी त्यावर येतो, गारंबीची शेंग कुठे लोंबते. म्हातारी माणसं सांगतील, पोरं लिहितील. वाटाड्याचं यापेक्षा चांगलं प्रशिक्षण कुठल्याही तीन दिवसांच्या कार्यशाळेत मिळत नाही. शास्त्रीय नावं नंतर पाठ होतात.

सुरक्षिततेचं. आपल्याकडे फुरसं आहे, सड्यावर दगडाखाली असतं, छोटं म्हणून लोक दुर्लक्ष करतात. रात्री बॅटरीशिवाय आणि बंद बुटांशिवाय फेरी नाही. सर्पदंशाची लस जवळच्या कोणत्या दवाखान्यात आहे, रात्री डॉक्टर असतो का, हे हंगाम सुरू व्हायच्या आधी प्रत्यक्ष जाऊन विचारा, गाडीवाल्याचा नंबर भिंतीवर लिहा. दोडामार्ग-सावंतवाडीकडची मंडळी हे वाचत असतील तर त्यांना आणखी एक: २०१६ पासून तिथे गोचिडींमुळे होणाऱ्या माकडतापाची लागण आहे. जानेवारीपासून पावसापर्यंत गोचिडींचा काळ. त्या भागात माकड मेलेलं आढळलं तर ती वाट ताबडतोब बंद करून आरोग्य केंद्राला कळवायचं, बुकिंग रद्द झालं तरी चालेल.

वणव्याचं वेगळं काढून सांगतो, कारण रान राखण्याचं खरं काम तेच आहे. जानेवारीत गवत वाळलं की रानाभोवती आणि सड्याच्या कडेने जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढलेला मोकळा पट्टा काढायचा. त्याची मजुरी रान निधीतून, मालकांच्या वाटपाआधी. पाहुण्यांना वाटलं तर त्या दिवशी बोलवा, कोयती द्या. काही जण दर वर्षी तेवढ्यासाठीच येतात.

मग जमिनीचे दलाल येतील. दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात येतात, कधी पाहुणे बनूनच येतात, जेवण फार छान म्हणतात आणि जाताना विचारतात, ही वरची जागा कोणाची? विकू नका असं मी सांगू शकत नाही, ज्याची जमीन त्याची अडचण. एवढंच करता येतं की रानाच्या करारात लिहून घ्यायचं, विकायची वेळ आली तर आधी भाऊबंदांना आणि गावाला विचारायचं, तीन महिने थांबायचं. कोर्टात हे कितपत टिकेल ते वकिलाला विचारा. गावात बऱ्यापैकी टिकतं.

जाहिरातीवर पैसे घालवू नका. पहिले दोन हंगाम ओळखीतले, चाकरमान्यांचे ऑफिसमधले, पुण्या-मुंबईच्या निसर्ग मंडळांचे, शाळांचे गट पुरे होतात. मुलं रील काढणारच, काढू द्यात. पण ढोलीचं झाड, कातळशिल्पाची नेमकी जागा आणि रहाटीचा आतला भाग त्यात नको, आणि फोनमधलं लोकेशन बंद. पाहुण्यांनाही हेच सांगायचं, उतरल्यावर, पहिल्या चहाच्या वेळी, फोन खिशातून बाहेर यायच्या आत.